नको म्हटलेली पोळी

पितळी पातेल्यातून कटाच्या आमटीची वाफ निघते आहे, गूळ-वेलदोड्याचा दरवळ पार कौलांपर्यंत चढला आहे, पांढऱ्या झग्यातले ब्रदर हातात पोळ्यांची परात घेऊन पंगतीतून नि:शब्द सरकताहेत — आणि पाहुणा मान खाली घालून, डोळे मिटून, ताटावर हात आडवा धरून बसला आहे. ब्रदर त्या हाताकडे पाहतात, अदबीने मान लववतात आणि पुढे जातात. पाहुणा एक डोळा उघडतो. पोळी गेलेली असते... बालपण म्हटलं की कुणाला आजोळची आमराई आठवते, कुणाला नदीचा डोह. मला हा उघडलेला एक डोळा आठवतो. त्यातलं दु:ख मी पुढे कुठल्या नाटकातही पाहिलं नाही.

परभणीहून ताडकळसकडे निघालं की उजव्या हाताला, काळ्या रानाच्या मधोमध, लाल विटांचा तो मठ होता. ख्रिस्ती साधूंचा मठ. गावातल्या शिवभक्त घरांना मठ ही वस्तू नवीन नव्हती. त्यांच्या स्वामींचा होताच, त्यामुळे हा येशूच्या स्वामींचा, एवढीच नोंद घेऊन गाव आपल्या कामाला लागलं. दुष्काळाच्या साली तिथे विहीर खोदायचं काम निघालं म्हणून आमचे बाबा कुदळ घेऊन गेले, आणि त्यांचा आचारी हिवतापाने पडल्यावर एके दिवशी चाळीस मजुरांचं पिठलं बाबांनी रांधलं. त्या पिठल्यात काय होतं कुणास ठाऊक, पण कुदळ गेली आणि बाबांच्या हाती झारा आला तो कायमचाच. माय आम्हांला लहान ठेवून गेली होती. बाबा, आत्या, माझी थोरली बहीण शालनअक्का आणि मी — आम्हां चौघांना मठाच्या गोठ्यामागे एक खोली मिळाली. शेणाचा, ओल्या कडब्याचा आणि मेणबत्तीच्या धुराचा मिळून एक वास असतो, तो मला अजून झोपेत येतो. संध्याकाळी आमच्या खोलीत बुद्धवंदना, भिंतीपलीकडे त्यांची घंटा आणि लांबून गावातली आरती. प्रार्थनेची आमच्याकडे कधी टंचाई नव्हती. टंचाई पाण्याची होती.

मठात आठ साधू. दिवसातून सात वेळा घंटा व्हायची आणि सातही वेळा ते हातातलं काम टाकून प्रार्थनेला जायचे. निम्मी भेंडी तोडलेली, निम्मी झाडालाच. फाटक मात्र कधी बंद नसायचं. पाहुणा म्हणजे देवच आला, अशी त्यांच्या नियमाची आज्ञा. त्यामुळे लांबलांबच्या सिस्टर यायच्या, शेतकी विद्यापीठातली पोरं कंपोस्टचे खड्डे बघायला यायची, वाट चुकलेले फकीर यायचे, बस चुकलेले तलाठी यायचे, आणि सगळ्यांना दुपारी जेवायला बसवलं जायचं. मठाधिपतींनी — आम्ही त्यांना थोरले फादर म्हणायचो — आपल्या माणसांत न जेवता पाहुण्यांच्या पंगतीला जेवायचं, हाही नियमच. थोरले फादर मूळचे केरळचे. मराठी पुस्तकातून शिकलेले. ते बोलू लागले की आमच्या गुरुजींनासुद्धा जरा सरळ बसावंसं वाटे.

आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे जेवताना मौन. एक ब्रदर कोपऱ्यात उभे राहून कुण्या संतपुरुषाचं चरित्र वाचायचे, बाकीच्यांनी ऐकत जेवायचं. स्वतःसाठी मीठसुद्धा मागायचं नाही. शेजाऱ्याने बघायचं आणि सरकवायचं. हवं असेल तर ताट पुढे करायचं, नको असेल तर हात आडवा धरायचा. संपलं. त्यांच्या शास्त्रातच आहे म्हणे, हो असेल तर हो म्हणावं, नाही असेल तर नाही म्हणावं.

आता आमच्या मुलखाची रीत तुम्हांला सांगायला नको, तरी सांगते. आमच्याकडे पहिला ‘नको’ हा नको नसतोच. तो नुसता शिष्टाचार. दुसरा ‘नको’ म्हणजे यजमानाला आग्रहाची संधी. तिसऱ्याला पाहुणा म्हणतो, ‘बरं, अर्धीच टाका,’ आणि त्या अर्धीच्या मग तीन होतात. ज्या घरी दुसऱ्यांदा विचारत नाहीत त्या घरची पायरी माणूस पुन्हा चढत नाही. आणि हे साधू तर पहिल्याच हाताला मान लववून पुढे जात! परिणाम असा की पंचक्रोशीतली अर्धी माणसं मठातून उपाशी परतलेली होती, आणि उपाशी परतलो हे सांगायची लाज म्हणून सगळे गप्प होते. एक तलाठी तेवढे अनुभवी. ते पिशवीत भाकरी घेऊनच यायचे आणि जेवण झाल्यावर फाटकाबाहेरच्या लिंबाखाली पुन्हा जेवायचे.

बाबांना हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. परातभर पोळ्या रोज स्वयंपाकघरात परत यायच्या आणि आम्ही त्या दुधात कुस्करून खायचो, म्हणजे आमचं काही बिघडत नव्हतं. पण बाबांचा समज असा, की हा त्यांच्या उपासाचाच एक प्रकार असावा. पाहुण्यालाही थोडं पुण्य लागावं म्हणून फादरलोक मुद्दाम कमी वाढत असतील. मोठ्या माणसांच्या धर्मात आपण कशाला बोला. थोरल्या फादरांचा समज दुसराच. बाहेरगावचे पाहुणे आले की ते कौतुकाने सांगत, ‘या प्रदेशातील लोक अत्यंत मिताहारी आहेत.’ मिताहारी! माझी आत्या एका बैठकीत सहा भाकरी खात असे.

हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं. पण त्या उन्हाळ्यात अक्काला पाहायला झरीचे पाहुणे येणार असं ठरलं.

शालनअक्काला अठरावं लागलं होतं. रंग सावळा, बोलणं बेताचं, आणि हसली की डोळे आधी हसायचे. मुलगा शाळामास्तर, निर्व्यसनी, सरळ नाकाचा. देण्याघेण्याची बात नाही. आत्या तर निरोप आला त्या दिवसापासून जमिनीवर नव्हती. ‘हे स्थळ हातचं गेलं तर पोरगी घरात राह्यली म्हणून समज, दादा,’ असं ती बाबांना दिवसातून चार वेळा ऐकवी. बाबांची झोप उडाली. आईविना वाढवलेल्या पोरीचं एकदा नीट झालं की मी सुटलो, असं ते चुलीशी बोलत. अक्काला कुणी काही विचारलं नाही. तसं ते विचारायची गोष्ट आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. ती गोठ्यात जाऊन गाईच्या मानेला कपाळ टेकून उभी राहायची. मला वाटायचं, गाईची सवय सुटणार म्हणून वाईट वाटत असेल.

आमची खोली ती केवढी, आठ माणसं बसली की नववा बाहेर. थोरल्या फादरांनी आपण होऊन पाहुण्यांची पंगतखोली देऊ केली. ‘गंगाराम, तुझे अतिथी ते आमचे अतिथी,’ म्हणाले. बाबांना गहिवरून आलं. मग त्यांनी पहाटे उठून पुरण शिजवलं, मठाच्या गाईंचं तूप कढवलं, कुरडया तळल्या, आणि शंभरएक पोळ्या लाटल्या असतील. चुलीची धग, भाजलेल्या कणकेचा खरपूस वास, बाहेर वैशाखाचं पांढरं ऊन... आणि त्या सगळ्या धांदलीत एक गोष्ट बाबांच्या ध्यानातून साफ निसटली. पाहुणे पाय धुऊन आत टेकताहेत तोच दुपारची घंटा झाली. जेवण सुरू म्हणजे मौन सुरू.

पाहुणे सहा. त्यांचे म्होरके मुलाचे वडील, तात्या. भरघोस मिशा, कडक फेटा, आणि लग्नं जुळवण्यात जितकी हातोटी तितकीच मोडण्यातही. थोरल्या फादरांनी हसून बोट ओठांवर ठेवलं, पाहुण्यांनी माना डोलावल्या, कोपऱ्यातल्या ब्रदरांनी पुस्तक उघडलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. पानात आधीच एकेक पोळी होती. ती संपली. परात आली. तात्यांनी रुबाबात हात आडवा धरला. म्होरक्याने नको म्हटल्यावर बाकीच्या पाचांनी घेणं बरं दिसत नाही, म्हणून पाची हात आडवे झाले. ब्रदरांनी सहा वेळा मान लववली आणि परात आत गेली.

स्वयंपाकघराच्या दारात बाबांचा जीव टांगणीला लागला. आग्रह करावा तर मौन, न करावा तर सोयरीक जाते. त्यांनी ब्रदरांना भुवयांनी खुणावलं, डोळे मिचकावले, मान वाकडी करून परातीकडे दाखवलं. ब्रदरांना वाटलं धूर गेला डोळ्यांत. त्यांनी प्रेमाने पेलाभर पाणी आणून दिलं. तोवर भात आला, हात आडवा. आमटी आली, हात आडवा. तात्या आता हात धरताना बोटं फाकवून धरत होते, म्हणजे मधून काही पडलं तर पडावं. काही पडलं नाही. कोपऱ्यात ब्रदर वाचत होते, की कुण्या तपस्व्याने वाळवंटात नुसत्या कंदमुळांवर चाळीस वर्षं काढली. हे आपल्याला उद्देशून चाललंय अशा संशयाने तात्या त्यांच्याकडे रोखून बघत राहिले. पाव तासात पंगत उठली.

ओसरीवर सतरंजी अंथरली, पान-सुपारी झाली, आणि अक्का हिरवं लुगडं नेसून खाली मान घालून बसली. नाव विचारून झालं, शाळा विचारून झाली, चालून दाखवणं झालं. मास्तर मुलाने होकारार्थी मान हलवली. तात्यांनी सुपारी दाताखाली कडाडून फोडली. ‘पोरगी पसंत हाय आमाला. पाहुण्याला जेऊ कसं घालावं ते आमी शिकवू तिला.’ बाबांनी ते गिळलं. पसंत हाय, एवढंच त्यांच्या कानांत शिरलं होतं. आत्याने साखरेची वाटी पदराखालून काढली.

तेवढ्यात तात्यांना मानाची हुक्की आली. ‘फादर, तुमी मोठे माणूस बसलाव. आता रीत म्हणून पोरीला तुमीच इचारा.’

ही रीतसुद्धा ठरलेली. वडीलधाऱ्याने विचारायचं, मुलीने लाजून गप्प बसायचं किंवा नको-बिको म्हणायचं, बायकांनी हसायचं आणि साखर वाटायची. थोरले फादर पुढे झुकले. ‘शालन, तुला हे लग्न हवे आहे का?’

‘नको,’ अक्का म्हणाली. पुटपुटलीच, पण ऐकू आलं.

बायका हसल्या. आत्याने साखरेची वाटी पुढे केली. आणि थोरले फादर उठून उभे राहिले, पाहुण्यांना हात जोडले आणि अगदी प्रसन्न मुद्रेने म्हणाले, ‘तिला नको आहे. आपण एवढ्या उन्हातून आलात, मठाला फार आनंद झाला.’

आत्याच्या हातातली वाटी तशीच पुढे राहिली. मग आत्या सावरली. ‘अवो फादर, पोरी असंच म्हणत्यात. लाजायलीय ती. अजून येकडाव इचारा की.’

‘तिने सांगितले आहे. पुन्हा का विचारायचे?’

‘आमच्याकडं पयलं नको कुणी खरं धरत नसतंय,’ तात्या गुरगुरले.

थोरल्या फादरांच्या कपाळावर आठी पडली. ते हळूहळू म्हणाले, ‘मग मघाशी ताटावर आपण हात धरलात... तेही खरे नव्हते?’

तात्या कौलं मोजू लागले. उत्तर मुलाच्या आईने दिलं; ती बाई आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. ‘दिस उगवायला झरीहून निघालोत, फादर. येक पोळी पोटात हाय.’

थोरले फादर मटकन खाली बसले. एवढा उंचापुरा माणूस, पण चेहरा कसा झाला होता सांगू... ‘म्हणजे बाकीचेही? इतकी वर्षे? गंगाराम?’ बाबा पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. ज्याच्या धर्मात पाहुणा हाच देव, त्या माणसाला कळत होतं की आपण दुष्काळातल्या मुलखात, देवाला वर्षानुवर्षं उपाशी धाडत होतो. मला हसू येत होतं आणि त्यांची कीवही येत होती. नवव्या वर्षी दोन्ही एकदम येऊ शकतं हे मला तेव्हाच कळलं.

‘मग जसं पोळीचं तसं हिचं,’ आत्या घाईने म्हणाली. ‘इचारा पुन्हा.’

‘नाही,’ थोरले फादर म्हणाले. ‘पोळीचे मी आजपासून तीन वेळा विचारीन. हे एकदाच.’

‘निदान कारण तरी इचारा तिला,’ आत्या म्हणाली.

‘पोळी नको म्हणणाऱ्याला कारण विचारतात का?’

तेव्हा अक्काने मान वर केली. सगळ्या जन्मात मी तिला इतकं सरळ बघताना पाहिलं नव्हतं. ती बाबांकडे बघून म्हणाली, ‘मला नको हाय, बाबा.’ या वेळी आवाज साऱ्या ओसरीभर गेला. बाबांचा चेहरा पार उतरला. तात्या फेटा सावरत उठले, आणि मोठा तमाशा होणार एवढ्यात तो मास्तर मुलगा बापाचा हात धरून म्हणाला, ‘तात्या, बसा. ती न्हाई म्हणली.’ तो चांगलाच मुलगा होता. त्याच्याबद्दल कुणाला वावगं बोलताच येणार नाही.

‘लगीन मोडलं म्हणून पोळीनं काय घोडं मारलंय?’ मुलाची आई म्हणाली. ‘वाढा म्हणावं.’

मग काय... लग्न मोडलं आणि जेवण सुरू झालं. थोरल्या फादरांनी बाह्या सारल्या आणि स्वतः परात उचलली. त्या दिवशी मौन गेलं वाऱ्यावर. वाचणाऱ्या ब्रदरांनी पुस्तक मिटलं आणि तुपाचं भांडं घेतलं. थोरले फादर प्रत्येकापुढे वाकून बोटांवर मोजत विचारायचे, ‘हे एक झाले. आता दुसऱ्यांदा विचारतो.’ तात्यांनी दोनदा हात आडवा धरला, तिसऱ्यांदा ‘तुमचं मन कशाला मोडा’ म्हणून काढला आणि मोजून सात पोळ्या खाल्ल्या. जाताना बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘सोयरीक न्हाई झाली तरी हाताला चव हाय तुमच्या.’

बाबांनी मात्र त्या दिवसापासून थोरल्या फादरांशी अबोला धरला. चांगला महिनाभर. पण जिथे मुळात कुणीच बोलत नाही तिथे अबोला धरून उपयोग काय? उलट थोरले फादर कुणाला तरी म्हणाले म्हणे, गंगाराम आता आपल्या मौनात मुरू लागला आहे. हे कानावर आलं तसे बाबा चिडून बोलू लागले.

मी अक्काला विहिरीवर विचारलं होतं, का गं नको म्हणालीस, चांगला तर होता. घागर कमरेवर घेत ती म्हणाली, ‘चांगला हाय की. मला नको व्हता.’ यापलीकडे तिच्याकडे कारण नव्हतं आणि तिला त्याची गरजही वाटत नव्हती. पुढे ती परभणीला जाऊन नर्सचं शिकली, आणि चार वर्षांनी तिथल्याच एकाने विचारलं तेव्हा पहिल्या फटक्यात ‘हो’ म्हणाली. आत्याने आठवडाभर तोंड लपवलं. पोरीच्या जातीने असं एकदम हो म्हणावं का!

मठ मात्र टिकला नाही. नवे साधू येईनात, जुने थकले. एकेक करून दक्षिणेकडे गेले. थोरले फादर जाताना बाबांच्या हातात हात देऊन बराच वेळ उभे राहिले. घंटा उतरवली त्या दिवशी गाई दुपारभर हंबरत होत्या.

त्यानंतर दोन वर्षांनी मला पाहायला पाहुणे आले, गावातल्या भाड्याच्या घरात. अक्का परभणीला बाळंतपणात अडकलेली. कुण्या वडीलधाऱ्याने रीत म्हणून विचारलं आणि मी ‘नको’ म्हणाले. बायका हसल्या. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. आत्या म्हणाली, ‘हिच्या बहिणीचंबी असंच व्हतं, ह्या घरच्या पोरी लय लाजाळू.’ सगळे आणखी हसले, बाबाही हसले — किती सुटल्यासारखे हसले — आणि साखर वाटली गेली. माणूस वाईट निघाला नाही. मुलं झाली, घर झालं, चाळीस वर्षं झाली. मला नको होता, एवढंच.

बाबा अखेरच्या वर्षी माझ्याकडे होते. एका सकाळी अंगणात बाजेवर बसून मोसंबी सोलता सोलता ते एकदम थांबले. ‘बारके, तुझ्या येळंला तू नको म्हणली व्हतीस... ते खरं व्हतं का गं?’ आत माझा नवरा रेडिओवरच्या बातम्या ऐकत होता. एवढ्या थकलेल्या माणसाच्या पदरात आता काय टाकायचं?

‘छे ओ बाबा,’ मी म्हणाले, ‘लाजत होते.’

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा मोसंबीला लागले. उमेदीची वर्षं मठात घालवलेला माणूस. समोरच्याचं पहिलं बोलणं खरं धरायला तिथेच शिकला होता. आणखी एकदा विचारलं असतं, तर मी सांगून टाकलं असतं. त्यांनी विचारलं नाही.